बाळ बरं आहे. आईला कुणी विचारलं का?

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की वस्तीतल्या बाया बघायला येतात. कुणी झबलं-टोपडं आणतं, कुणी बाळाच्या मुठीत दहा-वीसची नोट ठेवतं. प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? वजन किती भरलं? नॉर्मल की सिझर? दूध येतंय का? यातला एकही प्रश्न त्या बाईच्या मनाचा नसतो. तुला झोप लागते का, एकटीला रडू येतं का, असं विचारणारी बाई मला प्रसूती वॉर्डातही क्वचित भेटली आणि वस्तीतही. आणि कुणी विचारलंच तर उत्तरही ठरलेलं असतं: ‘बरं आहे.’

मागच्या काही अंकांत आपण गरोदरपणातल्या तपासण्या, लसी, बाळाचं वजन यांवर बोललो. या वेळी आईविषयी बोलू या. आई होणं हा आनंदच आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या आनंदाच्या पोटात थकवा असतो, भीती असते, चीड असते, कधी कधी ‘हे मला झेपणार नाही’ असंही येतं. ते बोललं जात नाही, म्हणून आजार अंगात मुरतो आणि उपाय असूनही मिळत नाही.

तिसऱ्या दिवसाचं रडू

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाईला विनाकारण रडू येतं. नवऱ्याने चहा आणला तरी रडू, आणला नाही तरी रडू. बाळाकडे बघून उमाळा येतो, पाच मिनिटांनी कुणी काही बोललं की राग येतो. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं. कारण शरीरात आहे. वार पडली की गरोदरपणात वाढलेली संप्रेरकं दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात. त्याच वेळी दूध भरायला लागतं, छाती दगडासारखी होते, टाके ओढतात आणि रात्रीची झोप तर गेलेलीच असते.

आपल्या जुन्या माणसांनी हे पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ वेगळा लावला. पाचव्या रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते, बाळंतिणीला झपाटते, म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, उशाखाली कोयता ठेवायचा. धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून पाचवी गेली, असं आपण अभिमानाने सांगतो. खरं सांगायचं तर बुद्धवंदना ऐकू येणाऱ्या घरांतही कोपऱ्यात पुजलेला वरवंटा मी पाहिला आहे. ‘आम्ही मानत नाही, पण म्हातारीचं समाधान.’ म्हातारीचं समाधान होत असेल, पण जी बाई चार रात्री झोपलेली नाही, तिला पाचव्या रात्री जागवण्याइतकं वाईट औषध नाही. त्या रात्री बाळ सासूने घ्यावं आणि सुनेला सलग चार तास झोपू द्यावं. दूध पाजायला तेवढं उठवावं.

हे रडू साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. गोळी लागत नाही. झोप, गरम जेवण आणि ‘होतं असं, जाईल’ म्हणणारं माणूस लागतं. ‘लेकरू झालं तरी रडतेस, अपशकुन आहे’ असं म्हणणारं माणूस जरा लांब ठेवावं.

दोन आठवड्यांनंतरही गेलं नाही तर

इथे नीट लक्ष द्या. दोन आठवडे उलटले, महिना झाला आणि बाई अजून उदास आहे, किंवा रडणंही बंद होऊन नुसती बसून राहते, तर ती बाळंतपणानंतरची उदासीनता असू शकते. डॉक्टर याला पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळपास पाचातल्या एका बाईला मनाचा आजार होतो आणि त्यात उदासीनताच जास्त असते. तुमच्या गल्लीत या वर्षी दहा बाळंतपणं झाली असतील, तर हिशेब तुम्हीच करा. ही सुरुवात बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही होऊ शकते. सव्वा महिना नीट गेला म्हणजे सुटलो, असं नसतं.

वस्तीत हा आजार ‘आजार’ म्हणून ओळखला जात नाही. त्याला नावं वेगळी मिळतात. आळशी आहे. माहेरची ओढ आहे. नाटकं करते. नजर लागली. एका घरात तीन महिन्यांची बाळंतीण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ रडलं तर जाऊबाई तिच्या छातीशी लावून द्यायची. पाजून झालं की ही पुन्हा भिंतीकडे. सगळे म्हणत, दुसरी मुलगी झाली म्हणून रुसली आहे. रुसवा तीन महिने टिकत नाही, बायांनो. तिला अन्न गोड लागत नव्हतं, बाळ झोपलं तरी हिला झोप नव्हती, आणि ‘मी नसते तर पोरीला चांगली आई मिळाली असती’ असं ती हळूच म्हणाली. हे शेवटचं वाक्य कानावर आलं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती गेली. रक्त तपासलं, समुपदेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटायला काही आठवडे लागले. आज तिची थोरली बालवाडीत जाते आणि धाकटीच्या मागे धावताना ही बाई आम्हाला हाक मारते.

घरातल्या माणसांनी, आशाताईने किंवा शेजारणीने दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्याभरात पुष्कळ वेळा मन उदास, निराश वाटलं का? आधी ज्यात मन रमायचं त्यात आता काहीच गोडी वाटत नाही, असं झालं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढे तपासणी हवी. आणि तिसरा प्रश्न घाबरत का होईना विचारायचाच: जीव द्यावा किंवा बाळाला काही करावं असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेक बाया हा प्रश्न ऐकून मोकळ्या होतात, कारण त्या तो एकट्याच वागवत असतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून मागा. रक्त कमी असेल किंवा बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं असेल, तरी थकवा, चिडचिड, उदासी असंच सगळं दिसतं. उदासीनतेवर अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधं आहेत. डॉक्टरांना ‘मी पाजते आहे’ हे स्पष्ट सांगायचं आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

एक प्रकार याहून वेगळा आणि जास्त धोक्याचा आहे. हजारात एक-दोन बायांना होतो, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. बाई दोन-तीन रात्री अजिबात झोपत नाही आणि तरी दमलेली वाटत नाही, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते, हे बाळ माझं नाही, बदललं आहे म्हणते. याला ‘अंगात आलं’ समजून देवऋष्याकडे नेण्यात गेलेला एकेक दिवस आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तोवर बाळ आणि ती, दोघांना एकत्र एकटं ठेवायचं नाही. उपचाराने या बाया बऱ्या होतात, पूर्ण बऱ्या होतात.

बाळाचं रडणं आणि आईचा राग

आता जे कुणी लिहीत नाही ते. बाळाचा राग येतो. रात्री अडीच वाजता पाजलं, लंगोट बदलला, ढेकर काढला, खांद्यावर घेऊन दहा बाय दहाच्या खोलीत शंभर फेऱ्या मारल्या, आणि तरी ते किंचाळतंच आहे. नवरा कूस बदलून म्हणतो, गप कर त्याला, सकाळी ड्युटी आहे. पलीकडून भिंतीवर थाप पडते. त्या क्षणी बाळाला आपटावंसं वाटलं असं सांगणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. त्या सगळ्या चांगल्या आया आहेत. तसं वाटणं आणि तसं करणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरात काय करायचं ते माहीत असलं पाहिजे.

बाळाला चटईवर किंवा अंथरुणावर पाठीवर, पडणार नाही असं ठेवा आणि पाच मिनिटं दाराबाहेर जा. तोंडावर पाणी मारा, पाणी प्या. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यात बाळं दगावतात किंवा जन्मभराची अपंग होतात. हे नवऱ्यालाही सांगून ठेवा, त्याच्या हातातही बाळ असतं. नसलं तर असायला हवं.

आणि हेही सांगा की हे रडणं संपणारं आहे. निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत पुष्कळ कमी होतं. गंमत बघा, बाळ पहिल्यांदा ओळखून हसतं तेही साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात. सगळ्यात वाईट रात्री आणि पहिलं हसू एकाच सुमारास येतं. रात्रभर जिने शिव्या मोजल्या तीच आई सकाळी त्या बोळक्या हसण्यावर विरघळते, आणि मग तिला रात्रीच्या रागाची लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, दोन्ही खरं आहे.

मात्र बाळ अंगावर पीत नसेल, ताप असेल, अंग गार पडलं असेल, छाती आत ओढत श्वास घेत असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळं, क्षीण रडत असेल, तर ते ‘नेहमीचं रडणं’ नाही. तिथे वाट पाहायची नाही.

दूध आणि कामावर जाणं

‘दूध पुरत नाही’ ही बाळंतिणीची सगळ्यात मोठी भीती, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्यांनी घातलेली असते. बाळ रडलं की कुणीतरी म्हणतं, उपाशी आहे बिचारं, डबा आणा. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. ते अधाशी नसतं, त्याचं पोट लहान असतं. जितकं पाजाल तितकं दूध बनतं. छाती लाल होऊन दुखली आणि ताप आला तर दवाखान्यात जा, पण पाजणं थांबवू नका, थांबवलं तर दूध साचून दुखणं वाढतं.

आता खरी अडचण. घरकाम करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी आमची बाई विसाव्या-पंचविसाव्या दिवशी कामावर जाते. हौस म्हणून नाही, चार घरांतली एक बाई सुटली तर पुन्हा मिळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला त्यातलं काही मिळत नाही. पण कंत्राटदाराकडे साफसफाईला, कारखान्यात किंवा मॉलमध्ये असाल, आणि बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल, तर रजा हा हक्क आहे. कंत्राटी म्हणून नाही म्हणतात, ते ऐकून घेऊ नका, संघटनेकडे जा.

हा हक्क कुणी खिरापतीसारखा वाटलेला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला, अशा प्रकारचा देशातला पहिला. त्या काळी गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी चाटवून झोपवून जात. त्या बाया क्रूर नव्हत्या, त्यांना दुसरा रस्ता नव्हता. आज अफू गेली, पण खोकल्याचं, सर्दीचं झोप आणणारं औषध चमचाभर पाजून कामावर जाणाऱ्या आया आहेत. हे अजिबात करू नका. त्याने लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो.

दुसरा रस्ता असा. सकाळी निघण्याआधी हात साबणाने धुऊन दूध पिळून काढा. उकळून कोरड्या केलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, घरातल्या थंड जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात चार तासांच्या आत संपवायचं. बाटली नको, वाटी-चमच्याने पाजायचं. आजी दोन दिवसांत शिकते. कामावर छाती दाटली तर पिळून काढा, म्हणजे दूध आटत नाही. आल्यावर आणि रात्री भरपूर पाजा. यात बाळ वरच्या दुधाच्या डब्यापासून वाचतं, आणि डब्याची किंमत तुम्हाला ठाऊकच आहे. इतकं करूनही काही बायांना जमत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्यावं आणि त्याचं ओझं मनावर घेऊ नये.

‘रमाईने काय काय सोसलं!’

आपल्या समाजात नव्या आईला गप्प करायचं एक वाक्य आहे. रमाईने गोवऱ्या थापल्या, उपास काढले, कधी तक्रार केली नाही, आणि तुला एवढ्यात कंटाळा आला? रमाईंविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो तुमच्याइतकाच आहे, म्हणूनच हे वाक्य मला खटकतं. रमाईंची पाच लेकरं झाली. त्यांतला एक यशवंत जगला. चार लेकरं त्यांनी लहानपणीच गमावली. पुढे दीर्घ आजारात, वयाच्या चाळिशीच्या आत, २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. हे आयुष्य आजच्या सुनेपुढे नमुना म्हणून ठेवायचं, की असं पुन्हा कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये म्हणून आठवायचं? बाबासाहेबांच्या पक्षाने तर १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो नामंजूर झाला, ती गोष्ट वेगळी. पण बाईच्या शरीराला दोन बाळंतपणांत उसंत हवी, हा विचार आपल्या चळवळीत तेव्हापासून आहे. आज सरकारी दवाखान्यात कॉपर-टी मोफत बसवतात, बाळंतपण झाल्या झाल्यासुद्धा. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका.

तीच गोष्ट मुलीची. दुसरी मुलगी झाली की वॉर्डात आणलेले पेढे परत पिशवीत गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्या पिशवीवर निळ्या पाखरांचं नाही, अशोकचक्राचं चित्र होतं. कोसलचा राजा पसेनदी राणी मल्लिकेला मुलगी झाली म्हणून खट्टू झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते, असं तथागतांनी त्याला समजावलं. संयुक्त निकायातली ही कथा विहारात वर्षावासात सांगितली जाते. ती प्रसूतीगृहाच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या आजोबांना सांगायला हवी. कारण मुलगी झाल्यावर घरात पडलेले चेहरे हे आईच्या उदासीनतेचं मोठं कारण आहे. नवऱ्याचं पिणं आणि मारणं हे दुसरं. ‘दारू नको’ ही पाचवी शीलं म्हणणाऱ्या घरात बाळंतिणीवर हात उठत असेल तर १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, तो लावायला शेजारणीलाही हरकत नाही.

खाणं, गोळ्या आणि पैसे

यावर थोडक्यातच लिहिते, कारण मागे लिहिलं आहे. बाळंतिणीला पाणी कमी देणं, भाजी-फळं बंद करणं, बंद खोलीत धुरी-शेगडी करणं, हे थांबवा. अळीव, डिंक, बाजरीची भाकरी, सुकट, अंडी, डाळ, पालेभाजी सगळं चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून लोहाची गोळी बाळंतपणानंतरही सहा महिने, म्हणजे १८० दिवस, रोज एक. चहासोबत नको, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत अंतर ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे करा. हा पैसा आईच्या खाण्यासाठी आहे, घरातल्या हप्त्यासाठी नाही.

कुठे जायचं

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. ती आली की बाळाचं वजन झाल्यावर तिला बसवून घ्या आणि आईलाही दोन शब्द बोलू द्या, सासू समोर नसताना. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. नाव-गाव सांगण्याची लाज वाटत असेल तर सुरुवात इथून करा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन आणि नायरमध्ये ही ओपीडी आहे. त्या दारावरची पाटी वाचून माघारी फिरू नका, तिथे रांगेत बसलेली माणसं तुमच्या-माझ्यासारखीच असतात.

आत गेल्यावर ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं तर टॉनिकची चिठ्ठी मिळेल आणि परत पाठवतील. म्हणून बाळंतपणाची तारीख सांगा, त्रास किती आठवड्यांपासून आहे ते सांगा, बाळ झोपल्यावरही झोप लागते की नाही ते सांगा, आणि मनात मरणाचा विचार येत असेल तर तो सांगा. बोलता येत नसेल तर घरून कागदावर लिहून न्या, डॉक्टर वाचतील. सोबत गेलेल्या बाईने बाळ घेऊन बाहेर बाकड्यावर बसावं, म्हणजे तिला आत एकटीला बोलता येतं. लंगोट आणि वाटी-चमचा पिशवीत घ्यायला विसरू नका, पहिल्या वेळी नंबर लागायला दुपार होते.